दोनदा ठोकलेला शब्द

“पण तुम्ही एकटेच का नाही पळालात?”

म्हातारा तिमण्णा अंगणात बसला होता. पुढ्यात पाटा होता आणि त्यावर छिन्नी धरून तो टाकी लावत होता.

ठक... ठक... ठक...

“आजोबा, मी तुम्हालाच विचारतेय. भोंगा वाजला आणि सगळं गाव बोरजाई टेकडीकडे पळालं. चारशे बारा माणसं. तुम्ही मात्र इथंच बसून होतात. का?”

“पाटा अर्धा ऱ्हायला हुता,” तिमण्णा म्हणाला.

ऋजुता सबनीसला हसू आलं नाही. पुण्याहून पाच तास गाडीत बसून ती आली होती, आणि असलं उत्तर ऐकायला नक्कीच आली नव्हती.

भोंग्याचा प्रोग्राम तिचाच. धरणाखालच्या अकरा गावांत खांबांवर भोंगे बसवले होते. गावच्या कचेरीत निवेदन टाइप करायचं आणि भोंग्यातल्या यंत्राच्या बाईने ते खणखणीत आवाजात वाचून दाखवायचं, इतकं साधं काम. ऋजुताच्या हातचं काम साधंच दिसत असे. ऑफिसात लोक आपापला गुंता घेऊन तिच्या टेबलाशी येत, आणि ही चहाचा घोट घेता घेता, समोरच्याकडे न बघता, तो सोडवून देई. समोरच्याकडे न बघण्याचा तिला थोडा अभिमानही होता.

तीन आठवड्यांपूर्वी, सकाळच्या वेळी, धरण फुटल्याची कुणीतरी आवई उठवली. ग्रामसेवकाने ताबडतोब निवेदन टाइप केलं. धरण फुटले, गाव सोडा अशा “अफवा” पसरत आहेत, विश्वास ठेवू नका.

भोंगा वाजला. यंत्राची बाई म्हणाली, “धरण फुटले, गाव सोडा अशा...”

आणि गप्प झाली.

लोकांची पाचावर धारण बसली. चुलीवरचं चुलीवर राहिलं, दावणीची जनावरं दावणीलाच राहिली. कुणाचा गुडघा फुटला, कुणाचं मनगट मुरगळलं. ओढ्यावरच्या फरशीवर, त्या बुटक्या पुलावर, एक म्हातारी पडली ती उठलीच नाही. चौकशीच्या कागदात तिच्याबद्दल एवढंच होतं, की एक वृद्ध महिला जखमी.

त्याच कागदात आणखी एक ओळ होती. घटनेच्या वेळी एक ग्रामस्थ जागेवरून उठला नाही.

ती ओळ वाचली आणि ऋजुताच्या जिवात जीव आला होता.

“हे बघा आजोबा,” ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, “तुम्ही उठला नाहीत, कारण तुम्हाला कळलं की वाक्य अर्धवट आहे. बरोबर ना? ‘अशा’ म्हणून बाई थांबली. म्हणजे पुढे काहीतरी आहे. डोकं शांत ठेवलं तर कुणालाही कळलं असतं. चौकशीसाठी मला तेवढंच लिहून हवंय.”

“मला लिवता येत न्हाई.”

“अंगठा चालेल.”

ठक... ठक...

“बाई गप का झाली?” तिमण्णाने विचारलं.

“ते जरा टेक्निकल आहे.”

तिमण्णाने छिन्नी खाली ठेवली आणि पाट्यावरची दगडाची पांढरी भुकटी हाताने तिच्यापुढे सारखी करून दिली. लहान मुलापुढे पाटी सरकवावी तशी. ऋजुताला ते लागलं. पण तिने बोट टेकवलं.

“मशीनला वाक्य कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं ते आपोआप कळत नाही. म्हणून दोन्ही टोकांना ही खूण करायची.” तिने भुकटीत अवतरणचिन्ह काढलं, थोडी जागा सोडून पुन्हा काढलं. “या दोन खुणांच्या मधलं तेवढं वाच, असा हुकूम. ग्रामसेवकाने ‘अफवा’ शब्दाला तीच खूण केली. मशीनला वाटलं, संपलं वाक्य. उरलेलं त्याने टाकून दिलं.”

“मग ती खून वाक्यात घालायचीच न्हाई?”

“घालता येते की. तिच्याआधी एक तिरकी रेघ मारायची.” तिने रेघ मारली. “ही रेघ मशीनला सांगते, पुढच्या खुणेचा हुकूम मानू नकोस. ते नुसतं अक्षर आहे. बघ आणि पुढे जा.”

तिमण्णाने ती रेघ बोटाने हवेत गिरवून पाहिली.

“आन् रेघच दाखवायची आसंल तर?”

ऋजुता चपापली. हा प्रश्न कॉलेजातली हुशार पोरं तिसऱ्या दिवशी विचारतात.

“मग दोन रेघा मारायच्या. पहिली रेघ दुसरीला गप्प करते.”

“झ्याक हाय.” तो खरंच खूश झाला होता. “मग ही रेघ कुनी मारायची हुती? ग्रामसेवकानं?”

“नाही, त्याला कसं कळणार? प्रोग्रामनेच मारायला हवी होती.”

“आन् प्रोग्राम कुनाचा?”

“पण मी पत्रक काढलं होतं,” ऋजुताचा आवाज तिच्याही नकळत चढला. “निवेदनात अवतरणचिन्हं वापरू नयेत. कलम सात. स्पष्ट लिहिलंय. आणि आता मी रेघ घातली आहे. आता कुणी काहीही टाइप करू दे, वाक्य पूर्ण वाचलं जाणार. मी शंभर वेळा तपासलंय. आज चारला चाचणीही आहे.”

“त्या दिवशी तू कुठं हुतीस?”

“पुण्यात, ऑफिसमध्ये. पण त्याचा इथे काय संबंध?”

तिमण्णाने हातोडी उचलली आणि बाजूच्या धोंड्यावर दोनदा ठोकली.

ठक. ठक.

“बार,” तो म्हणाला.

“म्हणजे?” ऋजुताने विचारलं.

“ही आमची रेघ.”

मग त्याने सांगितलं. सांगताना त्याची नजर पाट्यावरून हलली नाही. चाळीसेक वर्षांमागे तो दगडाच्या खाणीवर होता. वर कड्यावर मिस्त्री, खाली कड्याच्या पायथ्याशी माणसं. मिस्त्रीने सुरुंगाची वात पेटवायची आणि “बार!” म्हणून हाळी द्यायची. हाळी कानावर पडली, की तोंडातला घास टाकून पळायचं. विचार करायचा नाही. विचार करणारा दगडाखाली जायचा.

“पन मानूस हाय, बोलतंय. जेवताना कुनीतरी म्हनायचं, कालचा बार भारी झाला. की समदी पळायची. कालवण सांडायचं. शिव्या. म्हनून ठरलं. नुसतं बोलायचं आसंल तर आदी दोनदा ठोकायचं, मग म्हनायचं. ठोकलेला शब्द नुसता शब्द. त्यावर पळायचं न्हाई.”

ऋजुता ताडकन उभी राहिली. तिला आता तीन आठवड्यांत प्रथमच आनंद झाला होता.

“आजोबा, हेच! हेच मला हवं होतं! मशीनला रेघ कळते, पण माणसांना रेघ दिसत नाही. त्यांच्यासाठी आवाजाची रेघ हवी. निवेदन नुसतं माहितीचं असेल, चाचणीचं असेल, तर आधी दोन टोले द्यायचे. टण, टण. म्हणजे पळायचं नाही. टोले नसतील तर पळायचं. अर्ध्या तासाचं काम आहे!”

तिने लॅपटॉप उघडलासुद्धा.

“तुमचंच नाव देते या पद्धतीला,” ती मोठ्या मनाने म्हणाली.

तिमण्णाने हातोडी उलटी करून तिच्या लोखंडी तोंडाकडे पाहिलं.

“पावसाळ्याचं दिस हुतं,” तो म्हणाला. “हातोडीला चिकुल लागला हुता. मिस्त्रीनं वात लावली. चिकुल झाडायला हातोडी दगडावर आपटली. दोनदा.”

ऋजुताची बोटं थांबली.

“आन् मग हाळी दिली.”

...

“खाली चौघं हुती. हसली. म्हनली, मिस्त्रीला आज गप्पा सुचत्यात. तिघांचं हातपाय गेलं. चौथा माजा धाकटा भाऊ हुता. बसाप्पा. त्याचं काईच हाताला लागलं न्हाई.”

अंगणात एक कोंबडी भुकटीतल्या अवतरणचिन्हांवरून चालत गेली.

ऋजुताने लॅपटॉप मिटला. दोन टोले द्यावेत तर एखाद्या दिवशी वीज जाऊन-येऊन आपोआप दोन टोले पडतील, आणि मग खऱ्या पाण्यालाही माणसं हसत बसतील. न द्यावेत तर चाचणीच्या हाळीवरही म्हाताऱ्या ओढ्यात पडतील. तिच्या डोक्यात रेघेआधी रेघ, तिच्याआधी आणखी एक रेघ, अशी रांग लागली आणि रांगेचं पहिलं टोक काही दिसेना.

“त्या मिस्त्रीचं पुढे काय झालं?” तिने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

तिमण्णाने हातोडी जमिनीवर ठेवली. इतकी हळू, की आवाज झाला नाही.

“पाट्याला टाकी लावतोय,” तो म्हणाला.

तिने मान खाली घातली. इतका वेळ या म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर आपली सुटका मागत होतो, याची तिला लाज वाटली. लाज वाटली, पण वाट सुचली नाही.

“मग तुम्ही ठोकायचं बंद केलंत?”

“न्हाई. ठोकल्याशिवाय जेवनार कसं?”

“मग बदललंत काय?”

“जागा. बार म्हननाऱ्यानं वर कड्यावर ऱ्हायाचं न्हाई. खाली उतरायचं. मानसांत यायचं, त्यांच्यात उभं ऱ्हाऊन म्हनायचं. समदी निगाली, की सगळ्यांच्या मागनं आपुन निगायचं. मग वरच्यानं वात लावायची.” तो थोडा थांबला. “तवापासनं हाळी ऐकली, की मी आदी बगतो, हाळी देनारा कुठं हाय. त्या दिशी भोंगा बोलला. मी खांबाखाली बगितलं. खाली कुनी न्हवतं.”

“म्हणजे... वाक्य अर्धवट आहे हे तुम्हाला कळलं नव्हतं?”

“वाक्य? वाक्य म्या ऐकलंच न्हाई.”

ऋजुताचा एकुलता एक साक्षीदार असा हातचा गेला. पाच तासांचा प्रवास, कलम सात, शंभर वेळा तपासलेली रेघ, सगळं त्या कोंबडीने तुडवलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

तिमण्णाच्या घरात काहीतरी धाडकन पडलं. बायकी आवाजात कण्हणं ऐकू आलं आणि मागोमाग शब्द, “पानी... आलं... उठा, पानी आलं...”

तिमण्णा वयाला न शोभेल अशा वेगाने आत गेला. ऋजुता लॅपटॉप घेऊनच त्याच्या मागे धावली.

आत बाजल्यावर एक म्हातारी होती. कमरेपासून खाली तिला हलता येत नव्हतं, आणि तरी तिने अर्धं अंग बाजल्याबाहेर काढलं होतं. एका हाताने ती भिंत चाचपत होती. पाण्याचा तांब्या खाली लवंडला होता.

“गंगव्वा, काय न्हाई. कुकर हाय. शेवंताचा कुकर.” तिमण्णाने तिला धरून मागे टेकवलं. “भात शिजतोय तिचा. झोप.”

“तुमी उठा आदी,” गंगव्वा म्हणाली. “तुमी उठत न्हाई.”

“उठलोय. हे बग, उभा हाय.”

तिने त्याला नखशिखांत पाहिलं आणि मग डोळे मिटले. हात मात्र भिंतीवरून काढला नाही.

ऋजुता दारातच खिळली. कागदावरची वृद्ध महिला ही होती. तिला नाव होतं, शेजारीण होती, आणि न उठणारा नवरा होता.

“ओढ्याच्या फरशीवर पडली. खुब्याचं हाड,” तिमण्णा म्हणाला. “शिट्टी झाली, हॉर्न वाजला, की उठाया बगतीय. दिसात धा येळा.”

“तुम्ही... तुम्ही बसून राहिलात तेव्हा यांना थांबवलं नाहीत?”

“ती मला वढत हुती. मी म्हनलं, बस. ती म्हनली, उठा. माजा हात सोडला आन् पळाली.” तो खाली बसून सांडलेलं पाणी फडक्याने टिपू लागला. “पानी खरं असतं तर ती जगली असती आन् मी मेलो असतो. खोटं निगालं म्हनून तू मला शाना म्हनतीस आन् अंगठा मागतीस. आमच्या दोगांत चुकलं कोन, ते लिव तुज्या कागदावर. मग देतो अंगठा.”

ऋजुताला आजवर असा प्रश्न कुणी टेबलाशी आणला नव्हता. आणला असता तर तिने समोरच्याकडे पाहिलं असतं का, कोण जाणे.

तिचा फोन वाजला. गंगव्वा दचकली. ऋजुताने घाईघाईने तो छातीशी दाबला आणि कानाला लावला.

“मॅडम,” पलीकडून साहेबांचा आवाज आला, “चारला चाचणी आहे ना? भोंगे सुरू करायला तुमची सही आज पाहिजे. अकरा गावांचे भोंगे तीन आठवडे बंद आहेत. धरण भरत आलंय. आठवड्याभरात दरवाजे उघडावे लागणार. भोंगा नसेल तर आम्ही गावं हलवायची कशी, ते सांगा.”

“सर, मला थोडा वेळ...”

“वेळ कसला? तुम्हीच म्हणालात ना, शंभर वेळा तपासलंय?”

फोन बंद झाला. चार वाजायला सात मिनिटं होती.

तिने लॅपटॉप उघडला. चाचणीचं निवेदन तयार होतं. तेच वाक्य, तीच अवतरणचिन्हं, फक्त आता त्यांच्याआधी तिरक्या रेघा. एक बटण दाबलं की या घराबाहेरच्या खांबावरून यंत्राची बाई पुन्हा म्हणणार होती, धरण फुटले, गाव सोडा. आणि मग पुढचं, सगळं, शेवटपर्यंत, न अडखळता. मशीनच्या बाजूने आता खरोखर काहीच चूक उरली नव्हती.

पण गंगव्वा शेवटपर्यंत ऐकायला थांबणार होती का?

ऋजुता उंबऱ्यावर बसली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

“आजोबा, मला खरंच काही कळेनासं झालंय. सही नाही केली तर भोंगे बंद राहतील, आणि खरं पाणी आलं तर कुणाला कळणारसुद्धा नाही. सही केली तर... आता भोंग्यावर विश्वास कोण ठेवणार? निम्मे लोक तुमच्यासारखे बसून राहतील, निम्मे यांच्यासारखे फरशीवर पडतील. मी वाक्य बदलू? टोले देऊ? की सोडून देऊ हे काम? तुम्ही म्हणाल ते करते. पण सांगा काहीतरी.”

तिमण्णाने फडकं पिळलं. खिडकीत वाळत घातलं. तांब्या भरून जागेवर ठेवला.

त्याला घाई नव्हती. ऋजुताच्या लॅपटॉपवरच्या घड्याळाला होती.

मग तो बाजल्याशी गेला आणि गंगव्वाच्या अंगावरची वाकळ जरा पलीकडे सारली. तिच्या कमरेपाशी हातभर जागा झाली. ती त्याने हाताने झटकली, दोनदा, आणि ऋजुताकडे पाहिलं.

ऋजुताला कळलं नाही. कळलं असावं, पण उठवेना.

“ये,” तो म्हणाला.

ती उठली. लॅपटॉप छातीशी धरून, अवघडून, त्या हातभर जागेत बसली. बाजलं करकरलं. गंगव्वाने डोळे उघडून या अनोळखी पोरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

तिमण्णाने भिंतीवरचा बायकोचा हात अलगद सोडवला. तो सुरकुतलेला, गार पडलेला हात त्याने ऋजुताच्या डाव्या हातात दिला आणि वरून तिची बोटं मिटवली.

उजवा हात त्याने मोकळाच ठेवला.

“आता वाजव.”